कोन

पंचवीस वर्षं मी सुताचे कोन मोजले,
अक्कलकोट रोडला, टॉवेलच्या कारखान्यात.
आता प्लास्टिकचे मोजतो :
पिवळे अठरा, नारिंगी बावीस,
पहाटे साडेपाचला, मैदान थंड असताना.
सोलापुरात थंड ही वेळ असते, ऋतू नव्हे.

क्लबच्या कागदावर माझं पद
‘साहित्य व्यवस्थापक, युवा विभाग’.
पोरं यमुलमामा म्हणतात.

मोठ्या संघाचा सामना असला
की दिवे लागतात, पोलीस येतात.
आमच्या सतरा वर्षांखालच्यांना बघायला
दोन कुत्री, एक चहावाला
आणि मुदस्सरचा बाप,
रिक्षाचं तोंड रस्त्याकडं करून बसलेला,
गिऱ्हाईक आलं तर दुसरा हाफ सोडून जाणारा.

साहेब पाहुण्यांना सांगतात, ही आमची पाइपलाइन.
हा शब्द सोलापुरात जपून वापरावा.
आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी येतं
आणि शेवटच्या घरातल्या बाईला
नळाला कान लावून
नुसती हवा ऐकू येते.

मी आपला त्याला वार्पिंग म्हणतो.
माग चालू होण्याआधी
हजारभर धागे शेजारी शेजारी ताणून
बीमवर गुंडाळायचे.
तुटला तर गाठ मारायची, पण बारीक,
नाहीतर फणीत अडकते.
टॉवेल घेताना गिऱ्हाईक सगळं विचारतं,
रंग, वजन, पाणी किती शोषतो.
वार्पिंग कुणी केलं, हे नाही.

शुक्रवारी मोठ्या संघाचा लेफ्ट बॅक लंगडला.
रात्री नऊला फोन, गुरुलिंगला पाठवा.
त्रेचाळीस नंबरचा शर्ट त्याला झब्ब्यासारखा.
मी खांद्यात दोन-दोन बोटं टाचला.
नव्वद मिनिटं तो बाकावर.
दोनदा उठून रेषेवर पळाला,
दोनदा बसला.
सोमवारी शर्ट आणून दिला, म्हणाला,
‘मामा, धुऊ नका.’
मळलाच नव्हता.
मी न धुता ठेवलाय.

त्याच आठवड्यात यादी लागली.
सात नावं नव्हती.
भूमय्याचं नव्हतं.
कोच म्हणाले, पाय चांगले आहेत, उंची थांबली.
उंचीला मी काय गाठ मारणार?

त्याच्या आईनं सगळं परत पाठवलं,
दोन शर्ट, दोन चड्ड्या, मोजे, बिब,
धुऊन, घडी घालून,
विड्यांच्या बंडलाला बांधतात
त्या दोऱ्यानं बांधून.
गठ्ठ्याला तंबाखूचा वास.
नियमाप्रमाणे मी परत धुवायला हवा होता.
रजिस्टरवर लिहिलं : साहित्य पूर्ण मिळाले.
पोराच्या खाली सही केली.
त्याची सही अजून शाळेतलीच,
पूर्ण नाव, वर सरळ रेघ.

दुसऱ्या दिवशी पहाटे कुंपणापाशी उभा.
‘काय करूलालास बे?’
‘काय नाय मामा. बघूलालो.’
बघणाऱ्याचे हात खिशात असतात.
याचे जाळीत अडकलेले.

मी पिशवी पुढं केली.
काही बोललो नाही, तोही नाही.
दहा पावलं, वळण, दहा पावलं,
मग तिरकं,
पास यायला जागा सोडून.
चार वर्षं ज्याच्यातून पळाला
ते त्यानं गुडघ्यावर बसून मांडलं,
एकेक कोन तळहातानं दाबून,
वारा आला तरी हलू नये असा.

सात वाजता फाटक उघडलं.
नवी निवड. एकशे चाळीस पोरं,
कुणाचे बूट मोठ्या भावाचे,
कुणाच्या खिशात कडक भाकरीचा तुकडा.
एक बारकं माझ्या बाहीला ओढून
भूमय्याकडं बोट करून म्हणालं,
‘मामा, त्यो कोन?’

मला वाटलं, साहित्याचं विचारतंय.
‘पिवळा,’ म्हणालो,
‘अठरा आहेत.’