साबणाचे अंश

नॉर्मन डाऊस ती घेऊन आला
घशाच्या गोळ्यांच्या डबीत, कापसावर ठेवून.
हॉर्नकासलच्या अलीकडे, बीटच्या शेतात
यंत्र आधी कुजबुजलं, मग किंचाळलं.
‘मला वाटलं, पुन्हा बिअरचं झाकणच.’

मी वजन केलं. चार ग्रॅम आणि वर थोडं.
माझ्या आईच्या एका जोडव्याहून हलकी.
माथ्यावर टी, ओ, टी :
दोन खांब, मधे विहीर.
‘कुणाची आद्याक्षरं? टॉम कुणीतरी?’
देवाची, मी म्हटलं. तोतातिस.
रोमनांच्या आधीपासून या चिखलात राहणारा.
त्याला लिहिता येत नसावं,
आणि कुणी लिहावं अशी मागणीही नसावी.
मग लिपी आली, सडकांमागून, करांमागून,
आणि कुणा सोनारानं त्याला तीन अक्षरांत बसवलं;
जागाच तेवढी होती.

मी जिभेवर मराठीत लावून पाहते :
तो, आणि पुढे एक अर्धा त्.
नाव घ्यायचं नसलं की आमच्याकडे
एवढंच म्हणतात.
उजवीकडून वाचलं तरी तेच,
मेणावर उमटवलं तरी तेच.

माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘शॅम’ आहे.
शर्मिष्ठा लिंकनमध्ये कुणाच्या तोंडात मावली नाही.
मी या अक्षरांकडे आले; त्याच्याकडे अक्षरं आली.
फरक आहे. तरी भिंगातून बघताना
हात जुळायला निघालेच,
रबरी मोज्यांसकट.

पहिला टी जवळजवळ गेलाय, अंगठ्यानं घासघासून.
नवस असतील, की नुसता चाळा,
की थंडीत बारीक झालेलं बोट
आणि घसरू नये म्हणून धरून ठेवणं.

नॉर्मन खाकरला. एक सांगायचं राहिलं, म्हणाला.
धुतल्यावर त्यानं घालून पाहिली होती, करंगळीत.
निघेना. साबण लावला, लोणी लावलं.
एलस्पेथ असती तर खुर्चीतून पडेपर्यंत हसली असती.
शेवटी तशीच ठेवून झोपला.

‘आणि?’

‘आणि काही नाही. सकाळ झाली होती.
ती गेल्यापासून पहिल्यांदा
मला चारचे ठोके ऐकू आले नाहीत.
अंगठी उशीवर पडलेली.’

तक्त्यात मी भरलं :
धातू रुपं, एकसंध, कड किंचित दबलेली.
शेऱ्याच्या रकान्यावर
बराच वेळ पेन धरून बसले, मग लिहिलं,
साबणाचे अंश.