मधली खुर्ची

आमच्या क्लबात सभासद सतरा, सरासरी वय एकाहत्तर.
डुलुथच्या लुथरन चर्चचं तळघर, महिन्याचा दुसरा मंगळवार,
बाहेर सरोवर गोठलेलं, आत कॉफी कोमट.
खुर्च्या पुष्कळ, पण ऐकायची खुर्ची एकच,
दोन्ही स्पीकरांपासून मोजून नऊ फूट.
तिथं बसलं की गाणारी बाई
नेमकी समोर, हवेत, उभी राहते.
इतर खुर्च्यांवरून ती जराशी भिंतीत शिरते.
मधली खुर्ची ऑरिन सारीची.
स्पीकरही ऑरिनचेच.

मी खजिनदार. वहीत गेल्या वर्षी
तीन नावांवर रेघ मारली.
एक फ्लोरिडाला गेला, दोघे त्याहून लांब.
म्हणून ठराव मांडला: तरुण पोरांना बोलवू या.
"बोलवलं होतं की," ऑरिन म्हणाला,
"एक आला. किंमत विचारली. गेला."
खरंच होतं ते.
आमची नुसती वायर त्याच्या गाडीहून महाग होती
आणि आम्ही त्याला ते दोनदा सांगितलं होतं.

मार्चमध्ये मी कोणाला न विचारता कागद चिकटवले,
वाचनालयात, धुलाईच्या दुकानात, टायरवाल्याकडे:
चाळीस डॉलरांवरचं यंत्र आणू नये.
बिघडलेलं असल्यास जरूर आणावं.
डाख फुकट. सूप फुकट.
ऑरिननं वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं.
"भंगारबाजार," म्हणाला,
पण डाखाची कांडी त्यानंच घरून आणली.

पाच जण आले.
टायरवाल्याकडचा टेव्हियन दोन स्पीकर घेऊन,
जाळी उंदरानं कुरतडलेली, जोडी सव्वीस डॉलर.
आम्ही चादर टांगली,
चादरीमागे कधी त्याचे लावले, कधी ऑरिनचे,
आणि चिठ्ठीवर मत मागितलं.
निकाल मी जाहीर करणार नाही.
एवढंच सांगतो, की लुसिल बर्गस्ट्रॉम
हसू दाबायला सुपात तोंड घालून बसली
आणि ऑरिन चादरीमागे जाऊन
स्वतःच्या वायरी तपासत राहिला बराच वेळ.

शेवटी पाकू वांग. नर्सिंग शिकते.
पावाच्या पिशवीत गुंडाळलेला कॅसेट प्लेअर,
एका हातात मावणारा, पट्टा वितळून डांबर झालेला.
आत एक कॅसेट. मावशीचं पत्र आहे, म्हणाली,
थायलंडच्या छावणीतून पाठवलेलं.
लिहिता येत नव्हतं, म्हणून बोलून पाठवलं.
आमच्याकडे लाखाची यंत्रं,
कॅसेट वाजवणारं एकही नाही.
कॅसेटला आम्ही वीस वर्षं नाकं मुरडली होती.

ऑरिननं प्लेअर उघडला.
लोखंडाची माती वाहणाऱ्या बोटींवर
तीस वर्षं इंजिनं राखलेले हात ते.
डांबर खरवडलं, स्पिरिटनं पुसलं,
सुपाच्या कोथिंबिरीच्या जुडीचं रबर काढलं
आणि चाकांवर चढवलं.
कळ दाबली.

आधी कोंबडी. मग लहान मुलाचा खोकला.
मग बाई, सावकाश.
आम्हाला एक शब्द कळला नाही,
आणि पहिल्यांदाच त्या तळघरात
खर्जाबद्दल कोणी काही बोललं नाही.
खुर्च्या कधी सरकल्या मला आठवत नाही.
एकाच इवल्या स्पीकरला मधली खुर्ची नसते,
नुसतं जवळ यावं लागतं.
ऑरिनचा गुडघा टेव्हियनच्या गुडघ्याला लागलेला.

बाजू संपली. खट्.
ऑरिन घसा खाकरून म्हणाला,
"वेग तीन टक्के कमी आहे. रबर जाड पडलं.
पुढल्या वेळी नीट पट्टा आणतो."
पाकू म्हणाली, "नको.
आई सांगते, मावशी अशीच बोलायची."
ऑरिन काही बोलला नाही. वाद त्याला आवडतो,
पण बोलला नाही.

तिनं वर्गणी विचारली. मी म्हणालो, साठ.
तिचा चेहरा बघून म्हणालो, सहा.
वहीत शून्य कुठं गेलं, ते एप्रिलच्या सभेत
मला सांगावं लागणार आहे.