बाजारात नवीन

वाचनालयाची खोली ग्रामपंचायतीला हवी होती,
म्हणून मासिकांचे गठ्ठे ओट्यावर आले.
घाटंजीहून रद्दीवाला यायला वेळ होता.
मी एका गठ्ठ्याची सुतळी सोडली.

छंदांचं मासिक, मे शहाऐंशी.
मुखपृष्ठ कसरीनं खाल्लं, त्यासोबत नावही गेलं.
आत पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप,
आणि पान एकोणतीस आपणहून उघडलं,
इतक्यांदा तिथंच वाकवलेलं.

बाजारात नवीन :
रेल्वेमास्तर, रुपये बावीस.
अंतराळात चढाओढ, रंगीत फाशांसह.
सात बेटं. दोन ते चार खेळाडू. बुद्धीला चालना.
अठ्ठावीस पन्नास, टपालखर्च वेगळा.
शेजारी अंगठ्याएवढा फोटो, काळा-करडा.

तेंदूपानाचा शेकड्याचा भाव आम्हाला पाठ होता,
म्हणून कुणी हिशेब मांडलाच नाही.
तरी कूपन मी ब्लेडनं कापलं,
नाव, पत्ता, मुक्काम, पोस्ट, सगळं भरलं
आणि भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं. ते पुस्तक पुढं
पाचवीतल्या कुणाला अर्ध्या किमतीत गेलं.

फोटोत नियम नव्हते.
सिंधू मडावी म्हणाली,
बेटं म्हंजे बेटंच ना बे,
आमच्या घरामांगं नाहीत का बांबूची?
कुणाला शंका आली नाही.
समुद्र अशपाकच्या मामूनं पाहिला होता,
पण त्या उन्हाळ्यात तो आला नाही.

मग काळं दिसतं ते रान.
टोकदार उभं आहे ते मचाण.
आणि मधून वाकडी करडी रेघ गेली ती नदी,
तिला नाव ठेवायचं राहून गेलं.

युरियाच्या पोत्याची उलटी बाजू,
जुन्या सेलातली काळी कांडी घासून काढलेली सात बेटं,
सीताफळाच्या बिया म्हणजे माणसं.
वाघ म्हणजे अशपाकच्या अब्बांची बॉबिन,
लाल दोरा सोडत घरंगळायची.
दोऱ्याला शिवलं की मेलं.
नदीवर एकटा आला तर बुडाला, दोघं आले तर पार.
बुडेल त्यानं तीन डाव बोलायचं नाही.
खडूचा फासा झिजत झिजत
मे संपता संपता गोटीसारखा गोल झाला;
त्यानंतर दान पडायचं नाही,
भांडून घ्यावं लागायचं.

तीन उन्हाळे.

आज चष्मा लावून पाहतो :
मचाणं नाहीत ती. शिडं आहेत.
कोपऱ्यात नांगर आहे, जहाजाचा,
आम्ही त्याला शेतातला समजून
त्याच्यामागं दोन बिया जुंपल्या होत्या.
काळं ते पाणी.
आणि नदी ही घडी आहे.
पोस्टमन ढोकेनं मासिक दुमडून
सायकलच्या कॅरिअरला खोचलं असणार,
तिथली शाई उडालेली.

खाली कूपनच्या जागी चौकोनी भोक,
त्यातून पुढच्या पानावरच्या मधमाश्या दिसतात,
आणि अर्धं वाक्य : राणीला डिवचू नये.

पानाचा फोटो सिंधूला पाठवला,
ती पांढरकवड्याला अंगणवाड्यांची सुपरवायझर.
लिहिलं, नदी नव्हतीच गं, नुसती घडी होती.
बऱ्याच वेळानं तिचा आवाज आला,
मागं लेकरांचा गलका :
नदी व्हती ना बे.
तूच त बुडला व्हता तिच्यात, दोन खेप.
अन् दुसऱ्या खेपेचे तीन डाव
तू बोलाचं नव्हतं, तरी बोलला.
ते बाकी हायेत तुयावर.

टेम्पो ओट्याला लागला.
पोरगा गठ्ठे उचलत माझ्यापाशी आला,
काका, हेबी टाकू का?

मी बोललो नाही.
पान एकोणतीसमध्ये बोट तसंच ठेवून
नुसती मान हलवली.