साष्टीत पाच दिवस

सोळा तारखेला रात्री बेटावरून फोन आला.
मोंडल बाई, लॉजच्या मालकीण.
"दीदी, दोर पुरत नाही आता विहिरीला.
यायचं तर या, खोली तुमचीच आहे,
पण माणशी दोन बादल्या. दिवसाला.
पिणं, न्हाणं, सगळं धरून.
समुद्रातून आलात तर
अंगावरच्या मिठासकट झोपायचं."

नवरा म्हणाला, आगाऊ भरलेले परत देते का विचार.
मी नाही विचारलं.
आम्ही चौघं, म्हणजे आठ बादल्या,
पाच दिवसांच्या चाळीस,
त्या कुणाच्या तरी नावे खर्ची पडणार.
बँकेत काम करते, एवढं कळतं.
रद्द, म्हटलं.

उर्जिता दोन दिवस बोलली नाही.
पोहायचा चष्मा आणला होता नवा,
तो लावून जेवायला बसायची,
वरणभाताकडे बघायची माशासारखी.
तिसऱ्या दिवशी नकाशा घेऊन आली.
"आई, ठाणं कुठे आहे?"
"अजून तरी इथेच."
"साष्टीवर! आणि साष्टी काय आहे?"
वर वसईची खाडी, उजवीकडे ठाण्याची,
खाली माहीमची, मग सगळा समुद्र,
बोट फिरत फिरत
निघालं होतं तिथेच येऊन टेकलं.
"आपण राहतोच बेटावर.
मग सुट्टी रद्द कशाला?"

म्हणून आम्ही कासारवडवलीत उतरलो,
सोळावा मजला, खाडीकडची बाजू.
बॅगा खरोखर भरल्या,
लिफ्टने खाली नेल्या, परत वर आणल्या.
सासऱ्यांनी टोपीसुद्धा घातली.
वॉचमनने विचारलं, "आलात का जाऊन?"
आलो, म्हटलं.

बाथरूमच्या दारावर पाटी:
प्रिय पाहुणे, बेटावर दुष्काळ आहे.
माणशी दोन बादल्या.
शॉवरकडे बघू नये, तो आजारी आहे.

तशी पाटी लागणारच होती कधीतरी.
शुक्रवारी नळाला नुसता घसा खाकरल्याचा आवाज,
आणि रात्री दीडला टँकर रिव्हर्स येतो,
त्या टिंगटिंगीवर सगळी सोसायटी
एकदम कूस बदलते.

पहिल्या दिवशी मी हरले. केस धुतले.
दुसऱ्या दिवशी नवऱ्याने एका तांब्यात दाढी केली
आणि उरलेला घोटभर फेस
घरभर दाखवत फिरला.
एसीच्या नळीखाली रात्रीत पाऊण बादली,
हे आम्हाला कुणीच कसं सांगितलं नव्हतं?
तांदळाचं धुवण कढीपत्त्याला,
कढीपत्ता एकदम तरतरीत,
जणू तोच काय तो सुट्टीवर.
संध्याकाळी गायमुखला गेलो. भरती होती.
सासरे बाकावर टेकले, म्हणाले,
"परतीची बोट कितीची?"

आम्ही खूश होतो स्वतःवर, हे कबूल करते.
रात्री जेवताना
बादल्यांचा हिशेब मोठ्याने व्हायचा,
वाचलेलं लिटरमध्ये,
आणि उर्जिता टाळ्या वाजवायची.

चौथ्या दिवशी लखमी आली कामाला,
येऊरच्या पाड्यावरून,
नणंदेचं लग्न उरकून, हाताला हळद अजून.
हल्ली ती अक्षर लावून वाचते.
पाटीपुढे थांबली, पदराला हात पुसत.
"मा-ण-शी दोन?"
हो.
"दिसाला?"
हो ना, म्हटलं, करतोय आपलं थोडं.

तिने पुन्हा वाचलं.
मग खोटं वाटेल, पण टोमणा नव्हता आवाजात,
खरंच विचारायचं होतं तिला,
डोकं जरा आत घालून
तिने कोपरे बघितले बाथरूमचे:

"मग उरलेलं कुठं ठेवता?"

नवरा पेपर वाचू लागला.
फ्रीज गुरगुरला तेवढाच.
लखमीने एसीची बादली उचलली, फरशी पुसायला घेतली,
मध्येच गुणगुणत होती काहीतरी लग्नातलं.

सुट्टी संपून आता आठवडा झाला.
पाटी आहे अजून.
'दोन'वर उर्जिताने काट मारलीय
आणि पुढची जागा कोरी ठेवलीय.

मोंडल बाईंचा काल मिस्ड कॉल होता.
करायचाय त्यांना फोन.
त्या आधी विचारतील, दीदी, तुमच्याकडे पाणी कसं आहे?