सातवं उदाहरण

उदगीरहून हैदराबादची गाडी रात्रीची.
मी, उजेर, बिडवे मॅडम,
पिशवीत दशम्या, वहीत सहा देश.

"कुठं जालालीस गं, एवढ्या रातीचं?"
समोरच्या बाईनं विचारलं.
परीक्षेला, म्हटलं. तुलनात्मक राज्यशास्त्र.
कॉलेजात शिकवतात ते, आम्ही बारावीतच घेतलंय.
"म्हंजे नीट का?"
नाही मावशी, नीट नाही.
"मग वाकडं?"
मॅडम खिडकीकडं तोंड करून हसल्या.

आम्ही सहाजण होतो, माणशी एक देश.
दिवाळीनंतर चौघं लातूरला बॅचला गेले,
जाताना नोट्स देऊन गेले,
गावाला जाताना शेजाऱ्याकडं कुंडी द्यावी तशा.
म्हणून मेक्सिको माझ्याकडं, नायजेरियाही.
ब्रिटन माझाच होता.
इराणला कुणी वाली नव्हता, उजेर म्हणाला,
"रशिया-चीन सांभाळतोयच, त्यात हाही राहील."

तुलना म्हणजे कोण मोठं हे ठरवणं नव्हे,
मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.
आमच्या घरी तुलना म्हणजे
चुलतभावाचे सहाशे चाळीस मार्क.

फळ्यावर होतं: सरकार बदलतं, राजवटही बदलते,
राज्यसंस्था टिकते.
आणि वैधता. ती मला पुस्तकात कळलीच नाही,
कळली पप्पांच्या झेरॉक्सच्या दुकानात.
लोक कागद घेऊन येतात, निजामाच्या काळातले,
उर्दूत, घड्यांवर विरलेले.
पप्पा काच उचलून कागद असा ठेवतात,
जसं निजलेलं लेकरू.
वाचता येत नाही, ना त्यांना ना पप्पांना.
मग उजेरचे आजोबा चष्मा पुसतात,
एकेक नाव मोठ्यानं वाचतात,
आणि कुणीतरी माणूस दुकानातच खाली बसतो
खापरपणजोबाचं नाव ऐकून.
राजवट जाऊन किती वर्षं झाली.
शिक्का अजून कामाला येतो.
मी वहीत लिहिलं, उदाहरण सातवं.
मॅडमनी लाल पेनानं काट मारली: अभ्यासक्रमाबाहेर.
खाली पेन्सिलनं, बारीक: पण बरोबर.

बीदरला पाटी कन्नड झाली.
फाटक नाही, शिपाई नाही, कुणी काही विचारलं नाही.
चहा पांचट होता.
उजेर म्हणाला, "हे सगळं एकच होतं ना, मॅडम?"
आम्हाला वाटलं त्या झोपल्यात.
"एकच होतं, पण कुणासाठी?"
डोळे न उघडता म्हणाल्या,
आणि विकाराबादपर्यंत आम्ही दोघं गप्प.

पेपरात शेवटचा प्रश्न: कोणतेही दोन देश घ्या.
मी तेल घेतलं. मेक्सिकोचं, नायजेरियाचं.
जमिनीखालचं कुणाचं, वरचं कुणाचं,
कुणाच्या नदीत सांडतं, कुणाच्या तिजोरीत साठतं.
हात दुखेस्तोवर लिहिलं.
नऊ मिनिटं उरली.
कच्च्या कामाच्या पानावर मी काढली
एक काच, एक झाकण, एक कागद.
ते पान तपासत नाहीत.

बाहेर ऊन. उजेर पायरीवर बसलेला,
"चीन बरा गेला. इराणनं घाम काढला."
मॅडमनी उरलेली दशमी मोडून दिली,
निकालाबद्दल अवाक्षर नाही.

तेवढ्यात पप्पांचा फोन:
"झाली का गं रेवू? बरं.
येताना मशीनचं टोनर आण,
तिथं स्वस्त मिळतं.
सकाळपासून रांग लागलीय इथं,
अन् छपाई फिकी याया लागलीय."