कर्मणी प्रयोग

निवृत्तीनंतर मी अमळनेरला
प्रबंधांचं इंग्रजी नीट करून देतो.
पानाला वीस रुपये.
वाक्य येतं घरच्या बनियनवर,
मी त्याला सदरा घालतो, गुंड्या लावतो,
आणि विद्यापीठात पाठवतो.

'अ लॉट ऑफ' दिसलं की 'सब्स्टॅन्शियल'.
'डोन्ट'मधला लटकता स्वल्पविराम काढून
'डू नॉट' मोकळं.
'गेट' तर दिसताक्षणी हाकलतो.
गल्लीतल्या सुपडूसारखं ते सगळ्यांची सगळी कामं करतं,
म्हणून त्याला कुठेच मान नाही.
'मला वाटतं'च्या जागी 'असे सूचित होते'.
कुणाला होते, ते विचारायचं नसतं.

मागच्या आठवड्यात हर्षाली बडगुजरचा प्रबंध आला.
बोरीच्या खोऱ्यातल्या एकसष्ट विहिरी,
तीन उन्हाळे, पाण्याची पातळी.
पान अठ्ठ्याऐंशीवर तिनं लिहिलेलं:
चौतीस नंबरच्या विहिरीत फीत अडकली,
म्हणून मी खाली उतरले,
मी खूप घाबरले, खूप अंधार होता,
पण वर दगाकाका दोर धरून होता.

सातवीतलं इंग्रजी. 'व्हेरी' दोनदा.
मी लिहिलं:
'विहिरीत उतरून मोजमाप घेण्यात आले.'

'आय' गेला, दोन्ही 'व्हेरी' गेले,
अंधार गेला, दगा गेला.
वाक्य कडक झालं, इस्त्रीचं.
परत वाचलं तर विहिरीत कुणीच नव्हतं.
फीत आपली आपण उतरत होती
आणि काठावर
दोराचं दुसरं टोक हवेला बांधलेलं.

एकतीस वर्षं मी फळ्यावर हेच शिकवलं:
कर्त्याला 'बाय' लावून शेवटी न्यावं,
नको असेल तर खोडावं, गुण कापत नाहीत.
भिंतीपलीकडे चौधरी मॅडम मराठी घ्यायच्या.
काकाने दोर धरला, काकाने दोरी धरली.
क्रियापद दोराच्या मागे जातं, मुलांनो,
दोर म्हटलं तर धरला, दोरी म्हटलं तर धरली.
काका जागचा हलत नाही.
तेव्हा मी खडू झटकत होतो,
ऐकू येत होतं, ऐकलं नव्हतं.

रात्री फोन केला. ती म्हणाली,
सर, गाइड म्हणतात, प्रबंधात भीती चालत नाही.
बरं, भीती राहू दे.
तो वरून काही बोलला का?
ती हसली. मग थेट घरच्या बोलीत:
'भिऊ नको पोरी, मी शे ना वर.'

आता हे औपचारिक कसं करायचं?
'उपस्थितीची ग्वाही देण्यात आली'
लिहिलं, आणि माझीच मला लाज वाटली.

ऋणनिर्देश उघडून पाहिला.
कुलगुरू, मार्गदर्शक, ग्रंथपाल,
स्कूटी दुरुस्त करणारा मामेभाऊसुद्धा.
दगा नाही.
तिला आडनाव विचारलं,
तिनं ते सकाळी विचारून कळवलं.

अठ्ठ्याऐंशीव्या पानावर एक वाक्य वाढवलं,
व्याकरणात चोख, कर्मणी,
दोर धरला गेला होता,
आणि शेवटी 'बाय' लावून
दगा झिपरू कोळी, राहणार मौजे अमुक,
पूर्ण नाव, गावासकट.

गाइडला खोडायचं तर खोडू दे.
खोडण्याआधी वाचावं लागेल.

त्या पानाचेही वीस रुपये मी लावले आहेत.
काम झालं होतं.