दुसरा टोला

पहिला टोला : घराकडे निघा.
चर्चची घंटा वादळात गेली, तेव्हापासून
नीरफणसाच्या फांदीला गॅसचा रिकामा सिलिंडर टांगलाय.
लेउआ त्यावर लोखंडी गज हाणतो.
त्याला कमी ऐकू येतं,
म्हणून सगळ्या सावाई बेटाला ऐकू जाईल असा हाणतो.

दुसरा टोला : प्रार्थना.
आता रस्त्यावर चिटपाखरू दिसता कामा नये.
वळणावर गावची माणसं पहाऱ्याला उभी,
कुणी सापडलं तर मासळीच्या डब्यांचं अख्खं खोकं दंड.
पाद्रीबाबांच्या जावयालाही सुटका नाही.

त्या दोन टोल्यांच्या मध्ये
माझा भाऊ तोफिगा
गवत कापायचं मशीन परत न्यायला आला.

तीन वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
आईच्या मातीला त्याने चार चटया आणल्या,
मी अकरा,
बारीक विणीच्या, एकेकीने वर्ष खाल्लेलं.
मी मोजल्या. लोकांनीही मोजल्या.
पण बोलून दाखवलं मी, सगळ्यांसमोर.

मशीन दे, म्हणाला, माझं नाव न घेता.
मागे आहे, खोपटात, मी म्हटलं.
तेवढ्यात लेउआने हाणलाच.

तोफिगा पायरीवर थिजला.
तिकडे जावं तर दंड, इकडे यावं तर मी.
थोडा हिशेब त्यानेही केला असावा.
मग चपला काढल्या, आत आला,
लांबच्या खांबाला पाठ टेकून मांडी घातली.
डावा गुडघा पुरता दुमडत नाही त्याचा.
हे मला ठाऊक नव्हतं.

स्तोत्र नातवाने उचललं, पेनिआमिनाने,
इतक्या वरच्या पट्टीत की कुणाला जमेना.
तोफिगाने खालचा सूर धरला,
बाप धरायचा तोच, तसाच, किंचित उशिरा.
मी चटईच्या काठाकडे बघत गायले.

खरं सांगते, प्रार्थनेत मला फारसं काही होत नाही.
कोको ढवळताना म्हणते,
बस सुरू होईना तर म्हणते,
कोंबडी अंड्यांवर बसेना तरी म्हणते.
देवाला माझा आवाज पाठ असेल,
दुकानदाराला उधारीवाल्याचा असतो तसा.
डोळे मिटून गदगदणाऱ्या बायका आहेत गावात,
मी त्यांतली नव्हे.
मला मध्येच चुलीवरचे अळूचे कंद आठवतात.

पण प्रभूच्या प्रार्थनेत ते एक वाक्य आहे ना,
ऋणांचं, सोडण्याचं,
ते मी तीन वर्षं घाईने म्हणत आले,
माशाचा काटा
घासाबरोबर खाली ढकलावा तसं.
त्या दिवशी ते जाईना.
समोर ऋणकोच बसलेला,
आणि तोही त्याच शब्दाशी अडलेला.
पोरं पुढे गेली. आम्ही दोघं मागे राहिलो
एका शब्दाच्या अलीकडे,
म्हातारी माणसं ओढ्याशी थांबतात तशी,
आधी पाय कोण घालतो बघत.

कुणी घातला, आठवत नाही.

मग पेनिआमिनाने त्याच्या मनचं मागितलं :
शनिवारी पाऊस नको, रग्बी आहे;
आजीचा दात;
आणि त्या आजोबांचा गुडघा.
नाव माहीत नव्हतं त्याला.
मीच कधी घरात घेतलं नव्हतं.
आमेन सगळ्यात मोठ्याने तोफिगा म्हणाला.

तिसरा टोला.
वाटा मोकळ्या झाल्या, कुत्री भुंकायला लागली.
कोको घे, मी म्हटलं.
नको, म्हणाला, आणि घेतला नाहीच.
चटयांचं कुणी काढलं नाही.
मशीन खांद्यावर टाकून लंगडत गेला.

पेट्रोलचा डबा मात्र विसरला.
किंवा ठेवला.

सकाळी पेनिआमिना म्हणाला, देऊन येऊ?
असू दे, म्हटलं, येईल तो संध्याकाळी.
तू तेवढं लेउआला सांग,
जरा मोठ्याने सांग,
पहिल्या नि दुसऱ्या टोल्यात थोडं अंतर ठेव म्हणावं.
माणसाचा गुडघा दुखतो.